गोणीतला डिंक, टाकीतला डिंक

डिंकाचा कारखाना म्हटलं की लोकांना लाडू आठवतात. मी एकतीस वर्षं डिंकात काढली असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या गुडघ्यांकडे बघतो. गुडघे चांगले असणार, असा त्याचा समज. ते चांगले नाहीत. आमच्याकडे डिंकाचे लाडू होत नसत, पापुद्रे होत. काचेवर ओतायचा, पसरायचा, वाळवायचा आणि सोलून काढायचा असा पातळ, पारदर्शक पापुद्रा. कारखान्यात त्याला फिल्म म्हणत. मी पापुद्राच म्हणते, कारण तो कांद्याच्या आतल्या सालीसारखा दिसतो.

हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत एका गोदामाला लागून आमची शेड होती. मी कर्वेनगरहून दोन बस बदलून जायची, शेवटची दहा वर्षं स्कूटरवरून. लहानशी कंपनी, तीसेक माणसं. लॅबोरेटरी म्हणजे एक ओटा, एक भट्टी आणि एक वजनकाटा. पुढे माझ्या दारावर ‘क्वालिटी मॅनेजर’ अशी पाटी लागली, तेव्हाही ओटा तोच होता. पाटी मात्र पितळेची होती. या लेखात मी माणसांची नावं बदलली आहेत किंवा गाळली आहेत. हमीदाबींचं नाव तेवढं बदललेलं नाही.

आधी धंदा सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. धावड्याच्या झाडाचा डिंक रात्रभर पाण्यात भिजवून काचेवर वाळवला तर पापुद्रा होतो, पण उचलायला गेलं की पोह्याच्या पापडासारखा तडकतो. दुसरीकडे पीव्हीए नावाची पांढरी भुकटी मिळते. पूर्ण नाव पॉलिव्हिनाइल अल्कोहोल. नावात अल्कोहोल असलं तरी कोणी आशेनं बघू नये. ही रसायनांपासून बनवलेली. तिचा पापुद्रा चिवट होतो, ओढला तरी फाटत नाही, पण त्याला माया नसते. अंगावर ठेवला तर टोचतो. या दोघांना एकत्र आणायचं, हा आमचा उद्योग. ओल धरायचं काम डिंकाचं, बळ पीव्हीएचं, आणि मऊपणासाठी थोडं ग्लिसरीन.

ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात दोघं एका टाकीत सुखानं नांदतीलच असं नाही. पीव्हीए विरघळायला पाणी चांगलं कढत लागतं. त्या कढतात डिंक घातला तर तो काळवंडतो आणि बळ सोडतो. फार गार झाल्यावर घातला तर दोघं एकमेकांत शिरत नाहीत आणि पापुद्रा दुधाळ येतो. हाताला सोसेल इतकं कोमट झालं की घालायचा. आमच्याकडे थर्मामीटर होता, पण टाक्या सांभाळणारा तानाजी टाकीला बाहेरून पालथा हात लावायचा आणि म्हणायचा, “घाला म्याडम, झालंय.” मी गुपचूप थर्मामीटर बघायची. तानाजी फुरसुंगीचा. तो चुकल्याचं मला आठवत नाही.

झालेला पापुद्रा मी वर्तमानपत्रावर ठेवायची. खालच्या छोट्या जाहिराती वाचता आल्या की पास. एकतीस वर्षांत वधूवर पाहिजेच्या इतक्या जाहिराती मी वाचल्या की माझ्या मुलीच्या वेळी मला काही विचारावं लागलं नाही.

गिऱ्हाईकं एकेक नग होती. एका पेढेवाल्यांना बर्फीवर चांदीच्या वर्खाऐवजी आमचा पापुद्रा हवा होता. खायचा म्हणून आम्ही तो निव्वळ डिंकाचा करून दिला. आठ दिवसांनी आले. बर्फी खोक्याला चिकटली, कागदाला चिकटली, एका गिऱ्हाइकाच्या मिशीला चिकटली. म्हणाले, “बाई, उत्तम माल आहे. आता आम्ही पोस्टाची तिकिटंच विकतो.” दुसरे एक होते औषधफवारणीवाले. त्यांना पाण्यात टाकली की आपोआप विरघळेल अशी पुडी हवी होती, म्हणजे शेतकऱ्याच्या हाताला विष लागायला नको. पुड्या छान झाल्या. त्यांचा विक्रेता भर मे महिन्यात त्या खिशात घालून मांजरी गावातल्या शेतकऱ्यांना दाखवायला गेला आणि घामानं पुड्या खिशातच विरघळल्या. नशीब, दाखवायच्या पुड्यांत नीळ भरली होती. पांढरा शर्ट घालून गेलेला माणूस निळा होऊन परत आला.

हे सांगितलं की लोक हसतात आणि मी तिथेच थांबते. इतकी वर्षं मी तिथेच थांबत आले आहे.

आमचं नाव झालं ते भाजलेल्या जखमांवरच्या पापुद्र्यामुळे. जखम झाकून ठेवावी लागते, पण रोज फडकं सोललं की नवी कातडी त्याबरोबर निघून येते, आणि माणूस ओरडतो ते ऐकवत नाही. आरपार दिसणारा, जखमेला ओल देणारा आणि न ओढता पाण्यानं सुटणारा पापुद्रा मिळाला तर डॉक्टरांना वरूनच जखम बघता येते. औषधांची एक मोठी कंपनी आमच्याकडून तो करून घेणार होती. त्यासाठी डिंक शुद्ध हवा, आणि प्रत्येक वेळी सारखा हवा. झाडाला हे समजावून सांगता येत नाही. पावसाळ्यानंतरचा डिंक वेगळा, उन्हाळ्यातला वेगळा. शिवाय गोळा करणाऱ्यानं सालईचा डिंक धावड्यात मिसळला तर डोळ्यांना कळत नाही.

हमीदाबींना कळायचं.

भवानी पेठेत युसूफभाईंचं डिंकाचं दुकान होतं. घराणं पिढ्यान्‌पिढ्या पुण्यातलं. दुकानामागच्या खोलीत पाचसहा बायका डिंक निवडत बसायच्या आणि त्यांच्या मधोमध युसूफभाईंची थोरली बहीण हमीदाबी. तरुणपणी विधवा होऊन लेकीला घेऊन भावाकडे आलेल्या. सगळे त्यांना आपा म्हणत. त्या खडा उचलायच्या, खिडकीच्या उजेडात धरायच्या, शंका आली तर जिभेवर ठेवायच्या. टाळ्याला कसा चिकटतो त्यावरून झाड सांगायच्या. मला पहिल्यांदा शिकवलं तेव्हा म्हणाल्या, “बेटा, पुस्तक ठेव बाजूला. तोंडात घाल. हा धावडा. आता हा घाल. हा सालईचा, बघ कडू मारतो. धावड्यात लपून आला होता लबाड.” मी सालईचा आणि धावड्याचा डिंक प्रयोगशाळेत दोन दिवसांत ओळखायची. त्यांना दोन क्षण लागायचे.

परदेशी गिऱ्हाइकांचे तपासनीस आले तेव्हा साहेबांना, म्हणजे आमच्या मालकांना, घाम फुटला. कच्चा माल कसा तपासता, असं विचारलं तर काय सांगायचं? मी कागदावर लिहिलं, ‘प्रशिक्षित व्यक्तीकडून संवेदी परीक्षण’. म्हणजे हमीदाबी चाखून बघतात. तपासनीस खूश झाले.

एकदा हमीदाबींना आमचा कारखाना बघायचा होता. मी त्यांना रिक्षानं घेऊन आले. त्यांनी पापुद्रा खिडकीशी धरला, एक कोपरा फाडून तोंडात घातला आणि तोंड वाकडं केलं. “यात माझा डिंक कुठे? नुसतं प्लास्टिक लागतंय.” मी जरा रागावले, पण मग डिंकाचं प्रमाण वाढवून बघितलं, आणि पापुद्रा खरोखरच सुधारला. ते प्रमाण शेवटपर्यंत तेच राहिलं. अहवालात त्याचं श्रेय माझ्याकडे आहे.

तर त्या जखमेच्या पापुद्र्याची चाचणी सुरू होती. उन्हाळा होता आणि पाणीकपात. टँकर आला तर आला. डिंक भिजला की तो मलमलच्या फडक्यांतून दोनदा गाळायचा, कारण त्यात साल, माती, मुंग्या, सगळं असतं. ही फडकी रोज भरपूर पाण्यात धुवावी लागतात, नाहीतर डिंक आंबतो आणि वास मारतो. तानाजी माझ्याकडे आला.

“म्याडम, फडकी धुवायला पाणी न्हाई. टँकर सांच्याला यील म्हनत्यात.”

“मग टाकणखाराच्या पाण्यात बुडवून पिळा आणि वाळत घाला. वास मरेल.”

“मागनं साध्या पान्यानं नको काढाय?”

“पाणी आहे का?”

“न्हाई.”

“मग?”

एवढंच बोलणं झालं. मी मान वर करूनही बघितलं नाही.

ज्यांच्या घरी नातवंडं आहेत त्यांना पुढचं सांगायला नको. मुलं हल्ली बाटलीतल्या पातळ गोंदात, म्हणजे पीव्हीएतच, टाकणखाराचं म्हणजे बोरॅक्सचं पाणी घालून लिबलिबीत गोळा करतात आणि सोफ्याला चिकटवतात. पीव्हीए आणि टाकणखार एकत्र आले की असंच होतं, पाण्यासारखं असलेलं धरून बसतं. हे मला कॉलेजपासून पाठ होतं. पण पीव्हीए माझ्या डोक्यात लॅबच्या कपाटात होता आणि टाकणखार मोरीवरच्या फळीवर. दोन्ही कधी शेजारी आलेच नाहीत.

आठ दिवसांनी चाचणीच्या मालाची टाकी बिघडली. डिंक घातला आणि ढवळणारं पातं जड झालं, मग अडकलं. आत गाठी, तारा, लोळागोळा. दुसऱ्या टाकीत तेच. औषध कंपनीची माणसं दोन दिवसांनी येणार होती. साहेब लॅबच्या दारात उभे राहून म्हणाले, “देवधर, कारण हवंय. आजच्या आज.”

कारण मी तासाभरात शोधलं. टाकणखार ओळखायची जुनी रीत आहे. कागद हळदीत भिजवून वाळवायचा, त्यावर आम्ल घातलेल्या नमुन्याचा थेंब टाकायचा आणि पुन्हा वाळवायचा. टाकणखार असेल तर पिवळा कागद लालसर होतो. पीव्हीएचा कागद पिवळा राहिला. डिंकाचा लाल झाला. डिंकाला किडे लागू नयेत म्हणून काही व्यापारी त्यावर टाकणखार भुरभुरतात, असं बाजारात बोललं जायचं. मला दोन आणि दोन चार दिसले. मी अहवाल टाइप केला: ‘पुरवठादाराच्या डिंकात टाकणखाराची भेसळ आढळली.’ खाली सही केली.

माझी चूक अशी की तो डिंकाचा नमुना मी टाकीतून घेतला, गाळून झालेला. गोणीतून घेतला नाही. गोणीतला खडा दळून भिजवायचा म्हणजे दुसरा दिवस उजाडला असता, आणि साहेब दारात उभे होते. गोणीतला काय आणि टाकीतला काय, डिंक एकच, असं मी स्वतःला सांगितलं. मधे फडकं होतं.

युसूफभाई स्वतः आले. त्यांना खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

“मॅडम, आमच्याकडं टाकणखार कधी दुकानात आला नाही. वालिदांच्या वेळेपासून नाही.”

मी त्यांना तो लाल कागद दाखवला. त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरला.

“हे लाल झालं म्हणजे?”

“म्हणजे आहे.”

“मशीन चुकत नसेल?”

“हे मशीन नाही युसूफभाई. हळद आहे.”

“तुम्ही म्हणता म्हणजे असणार,” ते म्हणाले. अहवालाची प्रत त्यांनी घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली. त्यांच्याकडचा माल बंद झाला. औषध कंपनीला आमचं कसून शोधकाम फार आवडलं.

आम्ही दुसऱ्या शहरातून तयार दळलेला डिंक मागवला, सीलबंद पोत्यांत. साताठ टाक्या सुरळीत गेल्या, कारण टँकर नियमित येत होता आणि फडकी पाण्यानं धुतली जात होती. मग पुन्हा एक आठवडा पाण्याची बोंब झाली आणि नव्या डिंकातही गाठी धरल्या. मी टाकीपाशी उभी होते. तानाजी सहज म्हणाला, “म्याडम, ती फडकी पापडावानी कडक व्हत्यात बगा, टाकनखारात घातली की. पांडरं पांडरं धरतंय त्येंच्यावर.”

मी एक फडकं कोरडंच लॅबमध्ये नेलं, पाण्यात बुचकळलं आणि ते पाणी तपासलं. कागद लाल. युसूफभाईंच्या प्रत्येक गोणीतला मूठभर डिंक नियमाप्रमाणे बरणीत जपून ठेवलेला असतो. त्या वेळच्या गोणीची बरणी काढली, डिंक भिजवला, दुसऱ्या दिवशी कागदावर थेंब टाकला. पिवळा. पुन्हा केलं. पिवळा. तिसऱ्यांदा करायची गरज नव्हती, तरी केलं.

मी साहेबांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, ते वाईट माणूस नव्हते.

“अहो, कारण सापडलं, उपाय झाला, गिऱ्हाईक खूश आहे. आता तुम्ही म्हणणार कारण चुकलं होतं. मग ते म्हणतील, यांचं आणखी काय काय चुकतं? जखमेवरचा माल आहे तो.”

“पण युसूफभाई?”

“त्यांना गिऱ्हाइकांची कमी आहे का? आणि फडकी आजपासून उकळत्या पाण्यात धुवा. विषय संपला.”

विषय संपवला तो मी. मला कोणी धमकी दिली नव्हती. नोकरी जाईल अशीही भीती नव्हती. दारावरची पितळी पाटी चार महिन्यांपूर्वीच लागली होती, आणि आतली बाई चुकली असं लोकांनी म्हणू नये, एवढंच मला वाटत होतं. तानाजीला मी फडकी उकळायला सांगितली. त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि “बरं” म्हणाला. त्याला कळलं होतं.

पापुद्रा बाजारात आला, चांगला चालला. एका दवाखान्यात मी स्टोव्हनं भाजलेल्या एका बाईंच्या हातावर तो लागलेला बघितला. पाण्यानं अलगद सुटला, बाई ओरडल्या नाहीत. मला रडू आलं. सोबतच्या डॉक्टरांना वाटलं, आनंदानं.

निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी माझ्या मुलीचं बाळंतपण आलं. लाडवांना डिंक हवा होता. तो कुठेही मिळाला असता, कोपऱ्यावरच्या वाण्याकडेसुद्धा. मी भवानी पेठेत गेले. युसूफभाईंच्या दुकानात आता अर्ध्या भागात प्लास्टिकचे डबे होते. ते स्वतः आत बसले होते, खूप थकलेले. मला बघून उठले, चहा मागवला.

“आपा कशा आहेत?” मी विचारलं.

“आपा गेली मॅडम. चार वर्षं झाली.” मग म्हणाले, “इथून नाही गेली. माझ्या घरून नाही.”

मग त्यांनीच सांगितलं. त्या दिवशी ते माझा कागद घेऊन दुकानात आले आणि निवडणाऱ्या सगळ्या बायकांसमोर त्यांनी बहिणीला विचारलं, किड्यांसाठी टाकणखार तू घातलास का? माल तिच्याशिवाय कोणाच्या ताब्यात नसायचा. ती नाही म्हणाली. तिनं शपथ घेतली. ते म्हणाले, शपथ राहू दे, हा कागद बघ. आपा उठल्या, हात धुतले, त्याच दिवशी लेकीला घेऊन कोंढव्यात भाड्याची खोली बघितली. पुन्हा या उंबऱ्यात पाऊल टाकलं नाही. ईदला युसूफभाई जायचे, त्या दार उघडायच्या, पाणी द्यायच्या, बोलायच्या नाहीत. दुसऱ्या दुकानांनी त्यांना कामाला घेतलं नाही, कारण पेठेत गोष्ट एका दिवसात पसरते.

“मला वाईट वाटतं मॅडम, सख्खी बहीण. पण धंद्यात इमान पाहिजे. तुम्ही तो कागद दिलात म्हणून मला कळलं. नाहीतर मी फसतच राहिलो असतो.”

त्यांनी माझे आभार मानले. मी चहा संपवला, अर्धा किलो डिंक घेतला आणि घरी आले. लाडू केले. मुलीनं खाल्ले, मी एकाला हात लावला नाही. बाळाचं बारसं होईपर्यंत मी रोज उद्या जाऊ म्हणत राहिले. म्हातारा माणूस, हृदयाचं दुखणं, आता त्याला हे सांगून काय साधणार, हे सगळं मी स्वतःला सांगून बघितलं. पण मी बोलले नाही तर हमीदाबी चोर राहणार होत्या, आणि ते ठाऊक असलेली मी एकटी उरले होते. साहेब कधीच गेले होते, आणि तानाजी मागच्याच वर्षी वारला होता.

बारशाच्या दुसऱ्या दिवशी मी युसूफभाईंना सगळं सांगितलं. फडकी, टँकर, बरणी, पिवळा कागद. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी विचारलं, “हे तुम्हाला केव्हा कळलं?”

“तेव्हाच. दीड महिन्यात.”

त्यांनी समोरचा एक डबा उचलून बाजूला ठेवला. “तिनं मला कडेवर घेऊन वाढवलं,” ते म्हणाले. “अम्मीला वेळ नसायचा.” मग हात जोडले, मला नव्हे, असेच. “मला कशाला सांगितलंत मॅडम? मी ते एक वाईट धरून जगत होतो. आता हे कुठं ठेवू?”

मी माझं ओझं उतरवायला गेले होते आणि ते उतरवून त्यांच्या छातीवर ठेवून आले. त्यांनी एका चिठ्ठीवर शबनमचा, हमीदाबींच्या लेकीचा, फोन नंबर लिहून दिला. “तिला सांगा. हक्क तिचा आहे.”

शबनम हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत आहेत. पस्तिशी उलटलेली, गळ्यात ओळखपत्र. त्यांनी मला दुपारच्या सुट्टीत कँटीनमध्ये बोलावलं. मी घरून एक कागद लिहून नेला होता: त्या वेळचा माझा अहवाल चुकीचा होता, दुकानाचा डिंक शुद्ध होता, दोष आमच्या फडक्यांचा होता. खाली सही, पूर्ण नावानं.

त्यांनी तो दोनदा वाचला.

“यात अम्मीचं नाव नाहीये.”

“आधीच्या अहवालातही नव्हतं,” मी म्हणाले. किती मूर्खासारखं उत्तर.

“हो ना. तरी सगळ्यांना कळलं, कोण ते.”

मी पेन काढलं आणि मला पुढे लिहिता येईना, कारण मला त्यांचं पूर्ण नावच माहीत नव्हतं. शबनमनी सांगितलं, मी लिहिलं. त्यांनी कागद लॅपटॉपच्या पिशवीत नीट ठेवला. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“ॲक्च्युअली, अम्मीला तुमच्यावर खूप भरवसा होता,” त्या म्हणाल्या. “मामूंवर राग होता, तुमच्यावर कधीच नाही. ती म्हणायची, मॅडमनं गोणीतला डिंक बघितलाच नसणार. फक्त एकदा गोणीतला बघ म्हणावं, बस. तिनं मला तुम्हाला फोन करायला लावला होता.”

मी पेनाला टोपण लावलं.

“मी कॉलेजला होते. आम्ही कोंढव्याला आल्यावर दोनेक महिन्यांनी. कॉइन बॉक्सवरून केला, तीन वेळा. अम्मी शेजारी उभी असायची. कोणी बाई उचलायच्या, म्हणायच्या, मॅडम जागेवर नाहीत. तिसऱ्यांदा मी त्यांना सगळंच सांगून टाकलं, म्हटलं, प्लीज एवढं मॅडमना सांगा, गोणीतला बघा. त्या ऐकत होत्या, मधे काही बोलल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, निरोप देते. अम्मी मग रोज विचारायची, फोन आला का मॅडमचा. आमचा फोन नव्हताच, शेजाऱ्यांचा दिला होता.” त्या जराशा हसल्या. “त्या बाईंनी दिलाच नसेल निरोप. रिसेप्शनिस्ट असणार कोणीतरी, तिला काय पडलंय.”

“नसेल दिला,” मी म्हणाले.

त्यांनी मला फाटकापर्यंत सोडलं, बसथांबा दाखवला, “सांभाळून जा आंटी” म्हणाल्या. बस यायला पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात मी दहादा मागे वळून त्यांच्या इमारतीकडे बघितलं आणि एकदाही परत गेले नाही.

शबनम, हा अंक मी तुमच्या पत्त्यावर पाठवते आहे. आमच्या लॅबमध्ये फोन उचलणारी दुसरी बाई नव्हती. निरोप मिळाला होता.